ओल्ड पिंक हाउस : अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या घरातल्या टॅव्हर्नमध्ये जेवणं म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना हे अटलांटिक किनाऱ्याजवळचं जुनं बंदर. तिथल्या ॲबरकॉर्न स्ट्रीटवर, रेनॉल्ड्स स्क्वेअरसमोर एक गुलाबी घर उभं आहे. संध्याकाळ झाली की घराबाहेर जेवायला आलेल्या लोकांची गर्दी होते. आत जुन्या दिवाणखान्यांत टेबलं मांडलेली असतात, भिंतींवर जुनी तैलचित्रं असतात. तळघरात शेकोटी आणि पियानो असलेला छोटा बार आहे. घराचं नाव 'ओल्ड पिंक हाउस' आणि तळघरातल्या बारचं नाव 'प्लांटर्स टॅव्हर्न'.

अशी ठिकाणं अमेरिकेच्या दक्षिणेत बरीच आहेत. चार्ल्सटन, विल्यम्सबर्ग, सव्हाना अशा शहरांत फिरायला गेलेला पर्यटक एक तरी संध्याकाळ तिथे घालवतो. जुनं घर, मंद दिवे, महागडं 'सदर्न' जेवण हा त्या सहलीचा ठरलेला भाग असतो.

पण या जेवणात तीन वेगवेगळे इतिहास एकत्र येतात : घराचा, टॅव्हर्नचा आणि ताटातल्या पदार्थांचा. पहिले दोन पाहुण्यांना आवर्जून सांगितले जातात. तिसरा अनेकदा अर्धाच सांगितला जातो. हे तिन्ही इतिहास समजून घेऊया.

हे घर कुणाचं होतं?

सव्हाना शहर १७३३ मध्ये जेम्स ऑगलथॉर्प यांनी वसवलं. शहराची आखणी चौकांभोवती केली होती. मूळ २४ चौकांपैकी २२ आजही शिल्लक आहेत आणि रेनॉल्ड्स स्क्वेअर त्यांपैकीच एक.

गुलाबी घर जेम्स हॅबरशॅम ज्युनिअर या व्यापाऱ्याचं. ते बांधल्याचं साल म्हणून १७७१ सांगितलं जातं. घर विटांचं, वरून पांढऱ्या गिलाव्याचं. मातीच्या लाल विटांचा रंग गिलाव्यातून झिरपत राहिला आणि पांढरं घर गुलाबी दिसू लागलं. पुढे हा रंगच घराची ओळख झाला आणि मुद्दाम तोच रंग दिला जाऊ लागला.

१८११ मध्ये या इमारतीत प्लांटर्स बँक आली. तेव्हाच्या तिजोरीच्या खोल्यांत आता वाइनच्या बाटल्या ठेवल्या जातात. विसाव्या शतकात इथे काही काळ चहाची खोली, म्हणजे टी-रूम चालली. १९७० च्या दशकापासून इथे रेस्टॉरंट आहे.

हॅबरशॅम घराण्याचा मूळ पुरुष जेम्स हॅबरशॅम सीनिअर १७३८ मध्ये जॉर्जियात आला. त्या वेळी जॉर्जियात गुलामगिरीला बंदी होती. ब्रिटिशांच्या अमेरिकन वसाहतींमध्ये ही बाब वेगळी होती. ही बंदी उठवावी अशी मागणी करणाऱ्यांमध्ये हॅबरशॅम सीनिअर पुढे होते. १७५१ पासून बंदी उठली. हॅबरशॅम भाताच्या मळ्यांचे मोठे मालक झाले आणि १७७५ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा जवळपास २०० गुलाम त्यांच्या मालकीचे होते.

तळघरातल्या बारचं नाव इथे लक्षात घ्यायला हवं. इंग्रजीतला 'प्लांटर' हा शब्द ऐकून रोपं लावणारा शेतकरी डोळ्यासमोर येतो. दक्षिणेत मात्र प्लांटर म्हणजे मळ्याचा मालक. रोपं लावणारे, चिखलात उभे राहणारे, कापणी करणारे लोक वेगळे होते आणि त्यांना त्या कामाची मजुरी मिळत नव्हती.

टॅव्हर्न म्हणजे बार की खानावळ?

आज टॅव्हर्न म्हटलं की दारूचा गुत्ता किंवा बार डोळ्यांपुढे येतो. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत टॅव्हर्नमध्ये खानावळ, मुक्कामाची जागा, दारूचं दुकान, टपालाचा अड्डा आणि गावची चावडी हे सगळं एकाच छपराखाली असे. तिथे मेन्यूकार्ड नसे. ठरलेल्या वेळी जे शिजलं असेल ते सगळ्यांना एकाच टेबलावर वाढलं जाई. मुक्कामाला आलेल्या प्रवाशाला अनेकदा अनोळखी माणसाबरोबर एका पलंगावर झोपावं लागे. परवाना लागे आणि जेवणाचे, दारूचे, घोड्याच्या चाऱ्याचे दर अनेक ठिकाणी स्थानिक न्यायालय ठरवून देई.

राजकारणही इथेच शिजायचं. सव्हानामध्ये पीटर टोंडी याच्या टॅव्हर्नमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या मंडळींच्या बैठका होत. १७७४-७५ च्या सुमारास जॉर्जियातल्या स्वातंत्र्य चळवळीचं ते केंद्र होतं.

हे स्वातंत्र्य सगळ्यांसाठी नव्हतं. गुलामांना मालकाच्या परवानगीशिवाय दारू विकायला अनेक वसाहतींत कायद्याने मनाई होती. म्हणजे टॅव्हर्नच्या चुलीपुढे काळी माणसं राबत, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांना तिथे जागा नव्हती.

आज टॅव्हर्न हे नाव लावणारी महागडी रेस्टॉरंट जुन्या काळचा आपलेपणा विकतात : कमी उंचीचं छत, लाकडी टेबलं, शेकोटी, थोडं मोकळं वातावरण. एकाच घरात दोन प्रकारची सोय असणंही नवीन नाही. वरच्या मजल्यावर आरक्षण करून रीतसर जेवण आणि खाली टॅव्हर्नमध्ये जागा मिळेल तसं बसणं.

जुन्या घरांची रेस्टॉरंट का होतात?

यामागे हौस आहे, तसा हिशेबही आहे.

१९५४ मध्ये सव्हानाची जुनी मंडई पाडून तिथे वाहनतळ बांधण्यात आला. त्यानंतर डेव्हनपोर्ट हाउस हे १८२० च्या सुमाराचं घर पाडलं जाणार असं दिसताच सात महिलांनी एकत्र येऊन १९५५ मध्ये हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन स्थापन केलं आणि ते घर विकत घेतलं. पुढे संस्थेने अशी अनेक घरं घेऊन, जपण्याच्या अटीवर विकली. १९६६ मध्ये शहराच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पण घर वाचवलं तरी ते चालवायला पैसा लागतो. छप्पर, लाकूड, गिलावा यांची डागडुजी कायम चालू असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत मिळू शकते. अट अशी की इमारत उत्पन्न देणारी हवी. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ही सवलत मिळत नाही. हॉटेल, कार्यालय किंवा रेस्टॉरंट असेल तर मिळते.

त्यामुळे अशा जागी येणारं बिल फक्त जेवणाचं नसतं. त्यात इमारतीच्या देखभालीचाही वाटा असतो. बाहेरून भिंत बदलता येत नाही, स्वयंपाकघर हवं तसं वाढवता येत नाही, धुराडं कुठूनही काढता येत नाही. हे सगळे निर्बंध सांभाळून रोज शेकडो लोकांना जेवू घालायचं असतं.

ताटात काय असतं आणि ते आलं कुठून?

सव्हाना ते चार्ल्सटन या किनारी पट्ट्याला 'लोकंट्री' म्हणतात. खाड्या, दलदल, भातखाचरं आणि बेटं असा हा प्रदेश. साहजिकच इथल्या जेवणात भात, मासे, कोळंबी, खेकडे आणि कालवं येतात. कोकणातल्या माणसाला यादी ओळखीची वाटेल, चव मात्र वेगळी लागेल. मेन्यूवर हमखास दिसणारे काही पदार्थ असे :

* श्रिम्प अँड ग्रिट्स : ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या मऊ शिजवून केलेली घट्ट पेज. मका दळून, शिजवून खाण्याची पद्धत मूळनिवासी अमेरिकन लोकांची. त्यावर कोळंबी घालून किनाऱ्यावरचे कोळी न्याहारी करत. नॉर्थ कॅरोलायनातल्या बिल नील या शेफच्या हातचा हा पदार्थ १९८५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये गाजला आणि गरिबांची न्याहारी महागड्या रेस्टॉरंटमध्ये पोहोचली.

* शी-क्रॅब सूप : मादी खेकड्याचं मांस, तिची गाबोळी, साय आणि शेरी घालून केलेलं दाट सूप. चार्ल्सटनच्या महापौरांकडे काम करणारे कृष्णवर्णीय स्वयंपाकी विल्यम डीस यांना याचं श्रेय दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट.

* हॉपिन जॉन : चवळी आणि भात, सोबत डुकराच्या मांसाचा तुकडा. चवळी मूळची आफ्रिकेतली. नवीन वर्षाच्या दिवशी हा भात खाल्ला की वर्ष भरभराटीचं जातं असं दक्षिणेत मानतात.

* गम्बो आणि भेंडी : भेंडी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांच्या मार्गाने आली. 'गम्बो' हा शब्दच मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला आहे.

* बेनी वेफर : तिळाची पातळ, कुरकुरीत बिस्किटं. तिळाला इथे 'बेनी' म्हणतात. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतला.

* तळलेले हिरवे टोमॅटो : कच्च्या टोमॅटोचे काप मक्याच्या पिठात घोळवून तळतात. हा पदार्थ अगदी जुना 'सदर्न' वाटतो, पण त्याची ही ओळख पक्की झाली ती १९९१ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आल्यावर.

ओल्ड पिंक हाउसमध्ये सर्वात जास्त बोलबाला आहे तो अख्ख्या तळलेल्या फ्लाउंडरचा. हा आपल्याकडच्या लेपासारखा चपटा मासा. त्याला चिरा देऊन कुरकुरीत तळतात आणि वर जर्दाळूचा आंबटगोड रस घालतात.

या पट्ट्यात भारताशी नातं सांगणारा एक पदार्थही आहे : 'कंट्री कॅप्टन'. कोंबडी, करी पावडर, बेदाणे आणि बदाम असा हा रस्सा भातावर घेतात. भारताच्या किनाऱ्यांवर व्यापार करणाऱ्या जहाजांना इंग्रज 'कंट्री शिप' म्हणत, त्यांच्या कप्तानांवरून हे नाव पडलं असं मानलं जातं. एलिझा लेस्ली यांच्या १८५७ च्या पाककृतींच्या पुस्तकात तो सापडतो. सव्हाना आणि चार्ल्सटन दोघेही तो आपलाच म्हणतात.

भाताची किंमत

वरच्या यादीत भात वारंवार येतो. या किनाऱ्यावरची श्रीमंती भातावरच उभी राहिली होती. भरती-ओहोटीचं पाणी बांध आणि लाकडी दारं घालून शेतात घ्यायचं आणि सोडायचं, अशी ही शेती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं भात पिकवला जात होता. तिथून पकडून आणलेल्या लोकांचं कसब या शेतीत किती निर्णायक होतं यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे. त्यांच्या श्रमांबद्दल वाद नाही. डास, हिवताप, साप आणि गुडघाभर चिखल यात बांध त्यांनीच घातले.

१८५९ च्या मार्चमध्ये सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात दोन दिवस लिलाव चालला. पिअर्स बटलर या मळेवाल्यावर कर्ज झालं होतं. ते फेडायला त्याने आपल्या मळ्यांवरची ४०० हून अधिक माणसं विकली. त्यात तान्ही मुलंही होती. त्या दिवसांत सतत पाऊस पडत होता. ही घटना 'वीपिंग टाइम', म्हणजे 'रडण्याचा काळ', या नावाने ओळखली जाते.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि हळूहळू भातशेतीही संपली. 'कॅरोलायना गोल्ड' हा नावाजलेला तांदूळ जवळजवळ नाहीसा झाला. १९८० च्या दशकात सव्हानाच्या एका नेत्रतज्ज्ञाने तो पुन्हा लावला. सुरुवातीचा हेतू साधा होता : शेतात रानबदकं यावीत. आज हाच तांदूळ महागड्या सदर्न रेस्टॉरंटच्या मेन्यूवर नावानिशी छापला जातो.

मळ्यांवरून सुटलेल्या लोकांचे वंशज इथेच किनाऱ्यावर आणि बेटांवर राहिले. त्यांना गल्ला गीची म्हणतात. त्यांची स्वतःची भाषा आहे, टोपल्या विणण्याची कला आहे आणि स्वयंपाकाची परंपरा आहे. २००६ मध्ये अमेरिकन संसदेने नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा त्यांचा वारसा मार्ग म्हणून मान्य केला. पर्यटक ज्याला 'सदर्न' जेवण म्हणतात त्यातला मोठा भाग त्यांच्या चुलीवरचा आहे.

टेबलावर बसायला कधी मिळालं?

गुलामगिरी गेल्यावरही जेवणाच्या टेबलावरची रेघ शंभर वर्षं पुसली नाही. कृष्णवर्णीय माणूस स्वयंपाकी असू शकत होता, वाढपी असू शकत होता. गोऱ्यांच्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक म्हणून बसू शकत नव्हता.

१६ मार्च १९६० रोजी सव्हानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ब्रॉटन स्ट्रीटवरच्या दुकानांमधल्या उपाहारगृहांत बसून खाणं मागितलं. काहींना अटक झाली. त्यानंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी त्या दुकानांवर बहिष्कार घातला. तो वर्षभराहून अधिक काळ चालला. नेतृत्व करणारे डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ पेशाने पोस्टमन होते. १९६१ मध्ये उपाहारगृहं सगळ्यांसाठी उघडली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने देशभरातल्या रेस्टॉरंट आणि हॉटेलांमध्ये वर्णभेदाला बंदी घातली. बर्मिंगहॅमच्या एका बार्बेक्यू रेस्टॉरंटने त्याला आव्हान दिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते फेटाळलं.

लॉ पुढे इमारती जपण्याच्या कामात उतरले. गोऱ्या श्रीमंतांची घरं वाचत होती, पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या वास्तू पाडल्या जात होत्या. लॉ यांच्या प्रयत्नांतून त्यांपैकी काही वास्तू वाचल्या आणि शहरात नागरी हक्क चळवळीचं संग्रहालयही उभं राहिलं.

आज ही गोष्ट कशी सांगितली जाते?

सव्हानात रात्री भुतांच्या सहली निघतात आणि ओल्ड पिंक हाउस त्यांतला ठरलेला थांबा आहे. घराचा पहिला मालक अजून तळघरात वावरतो अशी दंतकथा गाइड रंगवून सांगतात. मालकाचं भूत सगळ्यांना माहीत असतं. अशा घरांच्या चुलीपुढे ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची नावं मात्र बहुतेक वेळा कागदावरही सापडत नाहीत.

हे बदलतंय. त्याच ॲबरकॉर्न स्ट्रीटवर, पुढच्याच चौकात १८१९ चं ओवेन्स-थॉमस हाउस आहे. पूर्वी या संग्रहालयात मालकांच्या खोल्या आणि फर्निचर यांवर भर असे. २०१८ मध्ये नव्या मांडणीसह त्याच्या नावातच 'स्लेव्ह क्वार्टर्स', म्हणजे गुलामांच्या खोल्या, हे शब्द जोडले गेले. मागच्या अंगणातल्या त्या खोल्या आता पाहता येतात. छतावर निळ्या रंगाचे जुने थर दिसतात. या रंगाने वाईट शक्ती दूर राहतात असं गल्ला गीची लोक मानत.

दुसरं उदाहरण 'द ग्रे' या रेस्टॉरंटचं. १९३८ च्या ग्रेहाउंड बसस्थानकाच्या इमारतीत ते २०१४ मध्ये सुरू झालं. या स्थानकात एकेकाळी गोऱ्यांची आणि काळ्यांची प्रतीक्षालयं वेगळी होती. तिथल्या मुख्य शेफ आणि भागीदार मशामा बेली या कृष्णवर्णीय आहेत. २०२२ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा देशातल्या उत्कृष्ट शेफचा पुरस्कार मिळाला. इमारतीचा भूतकाळ तिथे लपवलेला नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा

* आरक्षण : शनिवार-रविवारी आणि वसंतात गर्दी फार असते. जेवणाच्या खोल्यांसाठी आधी टेबल राखून ठेवावं. तळघरातल्या किंवा बारच्या जागा बहुधा आधी येईल त्याला मिळतात.

* शाकाहार : दक्षिणेत पालेभाज्या आणि शेंगा सर्रास डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात आणि ग्रिट्समध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं. 'भाजी आहे' एवढं ऐकून मागवू नये. मांस, चरबी किंवा मांसाचं पाणी घातलंय का, असं थेट विचारावं.

* बिस्किट आणि चहा : 'बिस्किट' म्हणजे लोण्याचा मऊ, पापुद्रे सुटणारा पाव. 'स्वीट टी' म्हणजे भरपूर साखर घातलेला, बर्फाचा काळा चहा. त्यात दूध नसतं.

* दारू : वय २१ पूर्ण हवं. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागू शकतो.

* बिल आणि टीप : मेन्यूवरच्या दरात विक्रीकर धरलेला नसतो. टीप साधारण १८ ते २० टक्के देतात. मोठा गट असेल तर ती बिलातच जोडलेली असू शकते, म्हणून आधी बिल नीट वाचावं.

टीप हा इथे शिष्टाचाराएवढाच पोटाचा प्रश्न आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन केंद्रीय कायद्यानुसार तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ते वाढलेलं नाही. जॉर्जियात हाच दर चालतो. टीप धरून तासाला ७.२५ डॉलर भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यायचा असतो. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना हॉटेल आणि रेल्वेत नाममात्र पगारावर, गिऱ्हाइकांच्या बक्षिसीच्या भरवशावर कामाला ठेवलं गेलं. तेव्हा ही पद्धत अमेरिकेत रुजली.

वेळ असेल तर जेवणाच्या दिवशी दुपारी ओवेन्स-थॉमस हाउसच्या मागच्या खोल्या बघून यावं. तिथून गुलाबी घर चालत काही मिनिटांवर आहे. संध्याकाळी ताटात आलेला भात कुणी पिकवला आणि तो शिजवायला कुणी शिकवलं, हे तोवर माहीत झालेलं असेल.